राष्ट्रपती निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान : कोण देऊ शकतो, कधी, कशावर आणि पुढे काय होते

राष्ट्रपतींच्या निवडणुकीवरचा वाद भारतात एकाच न्यायालयात चालतो. उच्च न्यायालयात नाही, दिवाणी न्यायालयात नाही, निवडणूक आयोगापुढेही नाही. घटनेच्या अनुच्छेद ७१ (१) नुसार राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीतून उद्‌भवणाऱ्या सर्व शंका आणि वाद यांची चौकशी सर्वोच्च न्यायालय करते, आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. वर अपील नाही.

शब्द इतके व्यापक, की कोणीही नागरिक 'मला शंका आहे' म्हणत दार ठोठावू शकेल असे वाटते. तसे नाही. याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने या निवडणुकीचे नियमन करण्याचा अधिकार संसदेला दिला, आणि संसदेने 'राष्ट्रपती व उपराष्ट्रपती निवडणूक अधिनियम, १९५२' करून त्या दाराला पुरते मोजमाप घातले. आजवर एकाही राष्ट्रपतींची निवड न्यायालयाने रद्द केलेली नाही. जुने निकाल वाचले तर दिसते की अनेक याचिका मूळ प्रश्नापर्यंत पोहोचल्याच नाहीत. कोणी अर्ज करायला पात्र नव्हता, कोणाचे कारण कायद्यात बसत नव्हते, कोणाचा मजकूर मोघम होता. म्हणून हा लेख त्याच क्रमाने जातो ज्या क्रमाने न्यायालय याचिका तपासते. आमदार-खासदारांचे सहायक, कायद्याचे विद्यार्थी आणि या निवडणुकांचे वार्तांकन करणारे पत्रकार यांना हा क्रम माहीत असला तर अर्धे गैरसमज आपोआप टळतील.

आधी हे ठरवा : वाद निकालानंतरचा आहे की आधीचा?

मतदानाआधी किंवा मतमोजणीआधी निवडणूक थांबवून मागता येत नाही. हा मुद्दा १९५७ सालीच निकाली निघाला. मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (तेव्हा प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांना तसेच म्हणत) डॉ. ना. भा. खरे यांनी राष्ट्रपती निवडणुकीपूर्वी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. काही मतदारसंघांतल्या निवडणुका व्हायच्या होत्या, म्हणजे निर्वाचकगण (राष्ट्रपतींना निवडणाऱ्या खासदार-आमदारांचा समूह) अपूर्ण होता, अशा वेळी निवडणूक घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की 'निवडणूक' म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया, आणि ती पूर्ण झाल्यावरच अनुच्छेद ७१ खालचा वाद उभा राहतो.

अपूर्ण निर्वाचकगणाचा मुद्दा संसदेने १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने कायमचा बंद केला. आज अनुच्छेद ७१ (४) असे सांगतो की निर्वाचकगणातली जागा कोणत्याही कारणाने रिकामी असली, तरी त्या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येणार नाही. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा विसर्जित होती. त्या राज्याच्या आमदारांविना निवडणूक घ्यायची का, हा प्रश्न राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यासाठी पाठवला. न्यायालयाचे मत स्पष्ट होते : पद रिकामे होण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, एखादी विधानसभा विसर्जित आहे म्हणून ती लांबणीवर टाकता येत नाही. तेव्हा एखाद्या राज्यात राष्ट्रपती राजवट असताना 'ही निवडणूक वैध कशी?' असे कोणी विचारले, तर उत्तर या खंडात आहे.

निकालाआधी न्यायालयाचा रस्ता बंद असला, तरी हाती काहीच नसते असे नाही. उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या वेळी लेखी हरकत घेता येते, आणि पुढच्या याचिकेचा पाया बहुतेक वेळा तिथेच पडतो. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून लोकसभेचे आणि राज्यसभेचे महासचिव आलटून पालटून काम पाहतात. हरकत त्यांच्यापुढे तोंडी नको, लेखी द्या, कागदपत्रे जोडा आणि त्यांचा लेखी आदेश मागून घ्या. २०१२ साली पूर्णो संगमा यांनी प्रतिस्पर्धी उमेदवार प्रणव मुखर्जी यांच्या अर्जावर छाननीच्या वेळीच लाभाच्या पदाची (आर्थिक फायदा देणाऱ्या सरकारी पदाची) हरकत घेतली होती. ती फेटाळली गेली, पण त्यामुळे न्यायालयात जाताना मुद्दा, पुरावा आणि आदेश तिन्ही तयार होते.

पायरी पहिली : अर्ज करायला तुम्ही पात्र आहात का?

१९५२ च्या अधिनियमाच्या कलम १४अ नुसार राष्ट्रपती निवडणुकीला आव्हान दोघेच देऊ शकतात : त्या निवडणुकीतला उमेदवार, किंवा एकत्र येऊन अर्ज करणारे किमान वीस निर्वाचक. उपराष्ट्रपतींच्या बाबतीत निर्वाचकांची संख्या दहा आहे. १९७४ पूर्वी राष्ट्रपतींसाठीही दहा पुरत. ऊठसूट होणाऱ्या याचिका कमी व्हाव्यात म्हणून ती वाढवली गेली.

निर्वाचक म्हणजे सामान्य मतदार नव्हे. राष्ट्रपतींसाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य, सर्व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य, आणि दिल्ली व पुदुच्चेरीच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. विधान परिषदेचे आमदार यात नाहीत, नामनिर्देशित खासदारही नाहीत. २०२२ मध्ये असे ४,८०९ निर्वाचक होते : ७७६ खासदार आणि ४,०३३ आमदार. उपराष्ट्रपतींना मात्र फक्त संसद निवडते, आणि तिथे नामनिर्देशित खासदारही मत देतात. वीस जणांची यादी करताना हा फरक विसरला, तर एखादे नाव गळते आणि आकडा एकोणिसावर येतो. म्हणून वीसवर थांबणे धोक्याचे. पंचवीस-तीस सह्या घ्या, आणि प्रत्येकाचे नाव निर्वाचकगणाच्या अधिकृत यादीतल्या क्रमांकासह लिहा.

'आम्ही नागरिक आहोत, घटनेने आम्हाला हक्क दिला' हा युक्तिवाद चालत नाही. डॉ. खरे निकालानंतर पुन्हा न्यायालयात गेले. या वेळी ते उमेदवारही नव्हते आणि आवश्यक तितके निर्वाचकही त्यांच्याबरोबर नव्हते, म्हणून याचिका दाखल करून घेतली गेली नाही. निवडणुकीला आव्हान देण्याचा हक्क कायद्यातून येतो, कायद्याबाहेर तो नाही, हे सूत्र तेव्हापासून कायम आहे.

'उमेदवार' या शब्दावर सर्वांत जास्त याचिका अडखळल्या आहेत. कायद्यातली व्याख्या अशी की ज्याचे नामनिर्देशन रीतसर झाले आहे किंवा तसे झाल्याचा जो दावा करतो, तो उमेदवार. या दुसऱ्या भागावर भिस्त ठेवून अनेकांनी, अर्ज फेटाळला गेल्यानंतर, थेट याचिका केल्या. चरणलाल साहू यांच्या एकापाठोपाठच्या याचिका आणि मिथिलेश कुमार सिन्हा यांची याचिका यांतून न्यायालयाने रेषा आखून दिली : ज्याच्या अर्जावर कायद्याला हव्या तितक्या सूचकांच्या आणि अनुमोदकांच्या सह्याच नाहीत, किंवा ज्याने अनामत भरली नाही, तो 'रीतसर नामनिर्देशन झाले' असा दावा करूच शकत नाही. म्हणून तो उमेदवार नाही, म्हणून त्याची याचिका ऐकण्याजोगी नाही.

आज कायद्याला काय हवे, ते एकदा मोजून घ्या. १९९७ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रपतिपदासाठी किमान ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, सगळे निर्वाचकच. उपराष्ट्रपतिपदासाठी २० आणि २०. अनामत रक्कम १५,००० रुपये. उमेदवाराचे नाव ज्या लोकसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत आहे, त्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडायची. एका उमेदवाराचे जास्तीत जास्त चार अर्ज. आणि एक निर्वाचक एकाच अर्जावर सही करू शकतो. त्याने दोन अर्जांवर सही केली, तर आधी दाखल झालेल्या अर्जावरचीच धरली जाते. शंभर सह्या जमवणारा माणूस इथेच फसतो, कारण त्याच्या यादीतल्या चार-पाच जणांनी आधीच दुसऱ्याच्या कागदावर सही केलेली असते. तुमचा अर्ज या कारणाने फेटाळला गेला असेल, तर उमेदवार म्हणून याचिका करण्याचा विचार सोडा आणि वीस निर्वाचक शोधा.

पायरी दुसरी : तीस दिवस

मुदत तीस दिवसांची, आणि ती मोजायची कलम १२ खालचा निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून. मतमोजणीच्या दिवसापासून नाही, शपथविधीच्या दिवसापासून नाही. पहिले काम म्हणजे राजपत्राची प्रत मिळवणे आणि तिच्यावरची तारीख पाहणे. शेवटचा दिवस गाठण्याचा नाद करू नका. कागदांत त्रुटी निघाल्या तर त्या दुरुस्त करायला वेळ हाताशी असावा लागतो, आणि उशीर माफ होईल या आशेवर निवडणूक याचिका बांधता येत नाही.

बहुतेक वेळा याचिका दाखल होईपर्यंत विजयी उमेदवाराने शपथ घेतलेली असते. २०१२ मध्ये मतदान १९ जुलैला झाले, निकाल २२ जुलैला लागला आणि २५ जुलैला शपथविधी झाला. म्हणजे प्रतिवादी पदावर असलेले राष्ट्रपतीच असतात. अनुच्छेद ३६१ चे संरक्षण राष्ट्रपतींच्या अधिकारांच्या वापरासाठी आहे. आपली निवड वैध होती का, या प्रश्नाला तोंड देण्यापासून ते त्यांना वाचवत नाही.

पायरी तिसरी : कारण कायद्यात बसते का?

हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि हाच सगळ्यांत कमी वाचला जातो. कलम १८ मध्ये निवड रद्द करण्याची कारणे मोजून दिली आहेत. त्यांचे दोन गट पडतात, आणि दोन्ही गटांसाठी पुराव्याचे ओझे अगदी वेगळे आहे.

पहिल्या गटात निकालावर परिणाम झाला हे सिद्ध करावे लागत नाही. गोष्ट घडली हे सिद्ध झाले की निवड रद्द. यात तीन कारणे येतात :

१. विजयी उमेदवाराने स्वतः, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, लाच देण्याचा किंवा गैरवाजवी दडपण आणण्याचा अपराध केला.

२. कोणत्याही उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळला गेला.

३. विजयी उमेदवाराचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला.

दुसऱ्या गटात निकालावर ठळक परिणाम झाला हेही दाखवावे लागते : मत चुकीने स्वीकारले किंवा नाकारले गेले, घटनेचे वा कायद्याचे वा नियमांचे पालन झाले नाही, किंवा हरलेल्या एखाद्या उमेदवाराचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला होता.

या यादीबाहेर काहीही चालत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या 'भ्रष्ट आचरणा'ची लांबलचक यादी इथे लागू होत नाही. सरकारी वाहन प्रचाराला वापरले, मंत्र्याने हेलिकॉप्टरने फिरून मते मागितली, असे आरोप १९८२ च्या निवडणुकीनंतर ग्यानी झैलसिंग यांच्याविरुद्धच्या याचिकांत आले होते. त्या निवडणुकीत झैलसिंग यांना ७,५४,११३ आणि न्या. ह. रा. खन्ना यांना २,८२,६८५ मतमूल्य (प्रत्येक मताच्या ठरलेल्या मूल्याची बेरीज) मिळाले होते. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने या याचिका फेटाळल्या. पीठाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, कायद्यात पूर्वी 'मूक संमती' किंवा काणाडोळा पुरे होता, आता संमतीच हवी. म्हणून 'उमेदवाराने दुर्लक्ष केले' एवढे लिहून भागत नाही. दोन, उमेदवार त्या पदाला योग्य आहे की नाही, हा प्रश्न निर्वाचकांचा, न्यायालयाचा नाही. 'या व्यक्तीची योग्यताच नाही' हे वाक्य आजही चर्चांत ऐकू येते, न्यायालयात त्याला जागा नाही.

लाच आणि दडपण म्हणजे नक्की काय

या दोन अपराधांचा अर्थ फौजदारी कायद्यातून घ्यायचा : पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १७१ब आणि १७१क, आता भारतीय न्याय संहितेचे १७० आणि १७१. गैरवाजवी दडपण म्हणजे मतदाराला किंवा उमेदवाराला त्याचा निवडणुकीचा हक्क मोकळेपणाने बजावण्यात जाणूनबुजून अडथळा आणणे किंवा तसा प्रयत्न करणे. इजेची धमकी त्यात येते, दैवी कोपाची भीती घालणेही येते. सार्वजनिक धोरण जाहीर करणे किंवा कायदेशीर हक्क बजावणे मात्र त्यात येत नाही.

प्रचार करणे म्हणजे दडपण नव्हे, हे १९६७ च्या निवडणुकीनंतर ठरले. त्या वेळी सरन्यायाधीशपद सोडून कोका सुब्बाराव झाकीर हुसेन यांच्याविरुद्ध उभे होते. बाबूराव पटेल आणि इतरांनी निकालाला आव्हान दिले. पंतप्रधान आणि मंत्री यांनी मते मागितली, म्हणजे दडपण आणले, हा मुद्दा न्यायालयाने मान्य केला नाही. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी लोकसभेच्या उमेदवाराप्रमाणे शपथ घ्यायला हवी होती, हाही मुद्दा फेटाळला गेला. उमेदवाराची पात्रता अनुच्छेद ५८ मध्ये शोधायची : भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र, आणि लाभाचे पद नसणे.

पक्षादेशाबद्दलही इथेच बोलून टाकू. राष्ट्रपती निवडणुकीत पक्षाने 'व्हिप' काढायचा नसतो, हे निवडणूक आयोग दर वेळी स्पष्ट करतो. मतदान गुप्त असते, मत पक्षाबाहेर गेले म्हणून पक्षांतराचा प्रश्न येत नाही. तसेच 'आमच्या आमदारांनी दुसऱ्याला मते दिली' हे याचिकेचे कारण नाही, कारण तो त्यांचा हक्क आहे.

दडपणाचा सर्वांत गंभीर खटला १९६९ चा. १६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झाले. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. पुढच्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. मतदानापूर्वी रेड्डी यांच्या चारित्र्यावर घाणेरडे आरोप करणारे एक निनावी पत्रक खासदारांमध्ये, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही, फिरले होते. शिवकृपाल सिंग आणि इतरांच्या याचिकांवर पाच न्यायाधीशांनी पूर्ण साक्षीपुरावा घेतला. राष्ट्रपती गिरी यांनी स्वतः न्यायालयात येऊन साक्ष दिली.

याचिका फेटाळल्या गेल्या, पण निकालातला कायदा याचिकाकर्त्यांच्या पूर्ण विरोधात नव्हता. असे पत्रक वाटणे हे दडपण ठरू शकते, असे बहुमताने मानले. अडले ते पुढच्या दुव्यावर : गिरी यांचा त्यात हात होता किंवा त्यांची मूक संमती होती हे सिद्ध झाले नाही, आणि पत्रकामुळे निकाल बदलला हेही सिद्ध झाले नाही. अपराध घडला हे दाखवणे आणि तो विजयी उमेदवारापर्यंत नेऊन भिडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. समाजमाध्यमांवरची बदनामी किंवा खोट्या चित्रफिती हाताशी धरून कोणी उद्या याचिका करणार असेल, तर त्याने आधी हा निकाल मुळातून वाचावा.

निकालावर परिणाम : हिशेब आधी मांडा

दुसऱ्या गटातले कारण घेणार असाल, तर वकिलाकडे जाण्यापूर्वी मतमूल्याचा हिशेब कागदावर करा. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते, महाराष्ट्रातल्या आमदाराचे १७५, उत्तर प्रदेशातल्या आमदाराचे २०८ आणि सिक्कीममधल्या आमदाराचे ७. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मतमूल्य मिळाले. फरक २,९६,६२६. एकूण ५३ मते बाद झाली होती. ती सगळीच्या सगळी खासदारांची होती असे धरले आणि सगळी चुकीने बाद झाली असेही मानले, तरी त्यांचे मूल्य ३७,१०० पेक्षा जास्त होत नाही. म्हणजे बाद मतांच्या मुद्द्यावर त्या निवडणुकीत याचिका उभीच राहत नव्हती.

१९६९ चे गणित वेगळे. अखेरचा फरक १४,६५०, आणि तेव्हा खासदाराच्या मताचे मूल्य ५७६. म्हणजे तेरा खासदारांची मते इकडून तिकडे गेली असती तर निकाल उलटला असता. अशा निवडणुकीत एकेका मतपत्रिकेची वैधता खरोखर मोलाची ठरते.

मतपत्रिका कोणत्या कारणांनी बाद होते तेही पाहून ठेवा. पहिली पसंती म्हणून '१' लिहिलेलाच नाही, '१' एकाहून जास्त नावांपुढे लिहिला आहे, पसंती अंकाऐवजी अक्षरांत लिहिली आहे, किंवा मतदाराची ओळख पटेल अशी खूण आहे. अंक आंतरराष्ट्रीय, रोमन किंवा कोणत्याही भारतीय भाषेतले चालतात. आयोगाने दिलेल्या खास पेननेच पसंती लिहायची असते. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. दुसरी, तिसरी पसंती लिहिलीच पाहिजे असे नाही. ती न लिहिल्याने मत बाद होत नाही, पण पुढच्या फेऱ्यांत ते कोणाच्याही कामी येत नाही.

पायरी चौथी : याचिका लिहिणे

याचिकेची पद्धत कायद्यात कमी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांत जास्त आहे. आदेश ४६ पूर्ण वाचा. न्यायालय शुल्क आणि खर्चासाठीची हमी रक्कम त्याच नियमांप्रमाणे भरायची असते. ती भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. याचिका 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड'मार्फत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात प्रकरणे दाखल करण्याचा अधिकार असलेल्या वकिलामार्फत, दाखल करा.

मजकुरात सर्वांत आधी अर्ज करण्याचा हक्क दाखवा : उमेदवार असाल तर अर्जाचा तपशील, सूचक-अनुमोदकांची संख्या आणि अनामत भरल्याची पावती. निर्वाचक असाल तर प्रत्येकाचा यादीतला क्रमांक. मग राजपत्राची तारीख, आणि तिच्यापासून मोजलेले दिवस. त्यानंतर कलम १८ च्या ज्या पोटकलमावर भर आहे त्याचा थेट उल्लेख, आणि त्याखाली तथ्ये. वस्तुस्थितीची विधाने याचिकाकर्त्याने, किंवा अनेक असतील तर त्यांच्यापैकी एकाने, स्वतःच्या प्रतिज्ञापत्राने सत्यापित करायची असतात.

तथ्ये म्हणजे कोणी, कोणाला, कधी, कुठे, काय दिले किंवा काय धमकावले. 'मोठ्या प्रमाणावर पैसे वाटले गेले' हे तथ्य नाही. संमतीचा आरोप असेल तर ती संमती कशावरून दिसते, तेही वेगळ्या परिच्छेदात लिहा. बहुतेक मसुद्यांत हा परिच्छेदच नसतो, आणि झैलसिंग खटल्यात याचिका मुख्यतः त्यामुळेच कोसळल्या.

विजयी उमेदवार प्रतिवादी असतोच. निवड रद्द करण्याबरोबरच 'अमुक उमेदवार विजयी झाल्याचे जाहीर करा' अशीही मागणी असेल, तर इतर उमेदवारांनाही पक्षकार करावे लागते. ही जादा मागणी कलम १९ खाली येते, आणि तिच्यासाठी त्या उमेदवारालाच वैध मतांचे बहुमत मिळाले होते हे दाखवावे लागते. ते दाखवता येण्यासारखे नसेल तर मागू नका. तिच्यामुळे खटला उगाच पसरतो.

पायरी पाचवी : प्राथमिक सुनावणी

ही याचिका पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे जाते, पहिल्या दिवसापासून. ते पीठ आधी प्राथमिक सुनावणी घेते. सविस्तर सुनावणीची गरजच नाही असे वाटले, तर साक्षीपुरावा न घेता याचिका तिथेच फेटाळली जाऊ शकते.

२०१२ चा संगमा खटला याच टप्प्यावर संपला. आरोप असा होता की कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद हे लाभाचे पद आहे, आणि २८ जूनला अर्ज भरताना मुखर्जी त्या पदावर होते. त्यांचा २० जूनचा राजीनामा खरा नाही. लोकसभेतले सभागृह नेतेपद हेही लाभाचे पद असल्याचे म्हटले होते. सरन्यायाधीश अल्तमस कबीर, न्या. सदाशिवम आणि न्या. निज्जर यांनी ५ डिसेंबर २०१२ रोजी याचिका फेटाळली. संस्थेच्या अध्यक्षपदाला पगार, मानधन किंवा तसा कोणताही आर्थिक फायदा नव्हता, म्हणून राजीनाम्याची तारीख काहीही असली तरी फरक पडत नाही, असा बहुमताचा रोख होता. न्या. चेलमेश्वर आणि न्या. गोगोई यांनी मात्र सविस्तर सुनावणी व्हायला हवी, असे भिन्न मत दिले.

तीन विरुद्ध दोन असा हा निकाल मुद्दाम वाचण्यासारखा आहे. राष्ट्रपतींच्या निवडीवरचा आरोप पुराव्याने तपासला जावा की कागदावरच संपावा, या प्रश्नावर पाच न्यायाधीशांतही एकमत नव्हते. आमच्या मते अल्पमताची बाजू जास्त पटण्यासारखी आहे, कारण राजीनाम्याच्या खरेपणासारखा वस्तुस्थितीचा वाद साक्ष घेऊन मिटला तर निकालावरचा विश्वास वाढतो. पण आज कायदा बहुमताचा आहे. तेव्हा प्राथमिक सुनावणीलाच पूर्ण खटला समजून तयारी करा : सगळी कागदपत्रे पहिल्या दिवशी दाखल, आणि प्रतिवादीचे सगळे म्हणणे मान्य केले तरी कोणता वाद उरतो, हे एका पानात मांडलेले.

सविस्तर सुनावणी, आणि किती काळ

प्राथमिक टप्पा ओलांडला, तर न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रातल्या दाव्यासारखी पद्धत चालते : लेखी जबाब, वादमुद्दे, साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद. निर्णय किती दिवसांत द्यायचा याची मुदत आपल्या कायद्यात नाही. केनियाच्या घटनेने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला १४ दिवस दिले आहेत, आणि त्याच मुदतीत त्याने १ सप्टेंबर २०१७ रोजी एक निवडणूक रद्दही केली. आपल्याकडे गिरी यांच्या ऑगस्ट १९६९ च्या निवडणुकीवरचा आदेश ११ मे १९७० रोजी आला आणि सविस्तर कारणे सप्टेंबरमध्ये.

मध्यंतरीची एक घटनाही इथे नोंदवायला हवी. आणीबाणीत, १९७५ च्या एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा वाद सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवणारा घटनेतला मजकूरच बदलला आणि तो संसदेने कायद्याने ठरवलेल्या यंत्रणेवर सोडला. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडे परत आणला. अनुच्छेद ७१ चा आजचा मजकूर हा असा परत मिळवलेला मजकूर आहे, आणि पुढे कोणी त्याला हात लावायला निघाले तर ही पार्श्वभूमी ठाऊक असायला हवी.

निर्णयानंतर

न्यायालयापुढे तीन पर्याय असतात : याचिका फेटाळणे, निवड रद्द ठरवणे, किंवा निवड रद्द ठरवून दुसऱ्या उमेदवाराला विजयी घोषित करणे. आदेश केंद्र सरकारकडे जातो आणि राजपत्रात प्रसिद्ध होतो.

निवड रद्द झाली, तर त्या राष्ट्रपतींनी तोवर सही केलेले कायदे, केलेल्या नेमणुका, काढलेले अध्यादेश यांचे काय, ही भीती स्वाभाविक आहे. तिचे उत्तर अनुच्छेद ७१ (२) देतो : निर्णयाच्या तारखेपर्यंत केलेली कृत्ये निवड रद्द झाल्यामुळे अवैध होत नाहीत. दुसरा कोणी विजयी घोषित झाला नसेल, तर पद रिकामे होते आणि उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून काम पाहतात. उपराष्ट्रपतींचेही पद रिकामे असेल, तर १९६९ च्या कायद्यानुसार ती जबाबदारी सरन्यायाधीशांवर येते. त्याच वर्षी २० जुलै ते २४ ऑगस्ट या काळात न्या. एम. हिदायतुल्ला यांनी ती सांभाळली होती. नवी निवडणूक शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत पद रिकामे झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. तिच्यात निवडून येणाऱ्या व्यक्तीला उरलेली मुदत नव्हे, तर पदभार घेतल्या दिवसापासून पूर्ण पाच वर्षे मिळतात.